सुईवरची बाही

पुसदच्या कॉलेजात मला नोकरी लागली आणि मी बाईंच्या घरी वरची खोली बघायला गेले, तेव्हा त्यांनी मला नाव-गाव काहीच विचारलं नाही. दार उघडलं, मला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "पाठ कर." मी मुकाट्यानं पाठ केली. खांद्यांना काहीतरी मऊ टेकलं, कमरेपर्यंत ताणलं गेलं, बरगडीत एक सुई टोचली आणि मागून निकाल आला, "लांबीले बराबर हाय. रुंदीले जराशी कमी हाय तू. भरशील पुढं. खोली वर हाय, पाहून ये."

मे महिना होता. पुसदला मे महिन्यात माणसं अंगावर सुती कपडासुद्धा नाइलाजानं ठेवतात. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं, आत कूलर घरघरत होता आणि ही बाई जांभळ्या लोकरीच्या स्वेटरची पाठ माझ्या पाठीला लावून बघत होती. उन्हानं डोकं फिरलेलं दिसतंय, असं माझ्या मनात आलं. पण वरच्या खोलीला दोन्हीकडून वारा होता आणि कॉलेज पायी जाण्याजोगं होतं, म्हणून मी राहिले.

तो जांभळा स्वेटर मला कधीच मिळाला नाही. मुळात तो दिग्रसच्या भाचीसाठी सुरू झाला होता. पाठ विणून होईपर्यंत भाचीचं लग्न झालं, ती सुखानं फुगली आणि मापाबाहेर गेली, म्हणून तो माझ्या नावावर चढला. पुढं समोरच्या मेडिकलवाल्याकडे नवी सून आली. तिला एकदा गॅलरीत पाठमोरी पाहिली आणि बाईंनी माझ्याकडून स्वेटर काढून तिला दिला. म्हणजे दिला कुठं, फक्त नाव बदललं. तरी मला चार दिवस त्या सुनेचा हेवा वाटत होता. न झालेल्या स्वेटरवरून हेवा वाटावा, इतकं त्या घराचं वारं मला लागलं होतं.

बाई मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवायच्या. निवृत्त झाल्या तरी भाजीवालीपासून डॉक्टरापर्यंत सगळं गाव त्यांना बाईच म्हणतं. पुसदच्या अर्ध्या बायकांना विणकाम त्यांनी शिकवलं. आणि शिकवण्याची पद्धत अशी की प्रत्येकीला पहिले टाके स्वतः घालून द्यायचे, दोन ओळी विणून दाखवायच्या आणि सुया तिच्या हातात देऊन पुढच्या बाकाकडे जायचं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची सुरुवात करून दिली. शेवट करायचं काम मुलींचं. ही सवय घरी आली, फक्त घरी पुढं न्यायला मुली नव्हत्या.

त्यामुळे त्या घरात बसायचं म्हणजे जपून बसावं लागे. पाहुणा सोफ्याकडे वळला की आतून "थांबा!" अशी आरोळी यायची. मग बाई किंवा त्यांचे यजमान धावत येऊन गादीखालच्या, उशीमागच्या सुया उचलायचे. दारावरचं मण्यांचं तोरण डावीकडून सुरू होऊन मधोमध संपायचं. टीव्हीखालचा क्रोशाचा रुमाल टीव्हीच्या एका पायापुरता होता. पडद्यावर भरलेला मोर शेपटीविना उभा होता, त्याला आम्ही लांडा मोर म्हणायचो. तांड्यावरून दूध घेऊन येणाऱ्या एका म्हातारीचं आरशांचं भरतकाम बघून बाईंनी तेही शिकायला घेतलं. कापडावर आरसे मांडून झाले, दोन-तीन टाचले, बाकीचे डिंकानं चिकटवून ठेवले. ती म्हातारी रोज दूध मापताना ते कापड बघायची आणि म्हणायची, "बाई, आरसे पडून फुटतीन, टाका मारा." बाई म्हणायच्या, "मारू न. आरसे कुठं पळून राह्यले?"

या सगळ्या कामांमध्ये त्या अत्यंत सुखी होत्या, हे मला आधी सांगायला हवं. अपुऱ्या कामाचं आपल्यासारख्या माणसांना ओझं होतं. मी एखादं पुस्तक अर्धं सोडलं तरी ते शेल्फावरून माझ्याकडे रागानं बघतं असं मला वाटतं. बाईंच्या मनाला असलं काही शिवत नसे. सकाळी चहा झाला की त्या घरभर एक चक्कर मारायच्या, मोराला पाहायच्या, रुमालाला पाहायच्या, आणि ज्याच्यावर मन जाईल ते हातात घ्यायच्या. तासाभरानं दुसरं. सुई मात्र कुठल्याच कामातून काढायच्या नाहीत. त्यामुळे घरातल्या सगळ्या सुया कायम अडकलेल्या असत आणि नवीन काही सुचलं की त्या यजमानांना सायकलवाल्याकडे पिटाळत. तो जुन्या चाकाच्या तारा सरळ करून, टोकं घासून द्यायचा. पुसदमध्ये सायकलवाल्याकडून विणकामाचं सामान आणणारं हे एकच घर असावं.

यजमान म्हणजे काका, जंगलखात्यात नाकेदार होते. बरीच नोकरी झरी जामणीकडच्या जंगलात गेली. बारीक, काळेसावळे, हळू बोलणारे. तिकडे नाक्यावर हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी असते, म्हणून बाईंनी त्यांच्यासाठी शेवाळी रंगाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणायला घेतला होता. पुढची बाजू आणि पाठ विणून झाली, जोडलीसुद्धा. गळ्याचे टाके सुईवरून उतरवून तात्पुरते एका दोऱ्यावर ओवून ठेवले आणि पहिली बाही सुरू केली. मग थंडी संपली. पुढं काकांची बदली झाली, पुढं नोकरीही संपली. बाही मनगटापासून दंडापर्यंत येऊन सुयांवर थांबली होती, ती ट्रंकेत तशीच राहिली. काका तो बिनबाह्यांचा स्वेटर दर हिवाळ्यात काढायचे आणि गळ्याचा दोरा पुढं ओढून त्याची फूलगाठ मारायचे.

"आमच्या घरी पायजम्याले बटन हाय अन् स्वेटरले नाडा," असं ते आल्यागेल्याला दाखवायचे. कोणी बाह्यांचं विचारलं तर म्हणायचे, "हिच्या हिशेबी मले हातच नाईत."

बाई यावर रागवायच्या नाहीत. "एक बाही झालीच हाय समजा," म्हणायच्या.

गल्लीतल्या एका मुलीच्या लग्नात रुखवताचा हत्ती करायचं बाईंनी अंगावर घेतलं होतं. पांढरा कापूस भरलेला मोठा हत्ती, त्यावर मोत्यांची झूल. लग्नाच्या दिवशी सकाळी हत्तीची एकच बाजू भरून झाली होती. दुसरी बाजू कोरी. बाईंनी रुखवताचं टेबल भिंतीला लावायला सांगितलं आणि हत्तीची कोरी बाजू भिंतीकडे केली. सगळं सुरळीत चाललं होतं, पण नवरदेवाची आत्या चौकस निघाली. तिनं हत्ती उचलून फिरवला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हे काय, हत्ती अर्धाच?"

मुलीच्या आईचा चेहरा उतरला. व्याह्यांसमोर असली शोभा म्हणजे जन्मभराचं बोलणं. बाई मात्र हातात मोत्यांची डबी घेऊन पुढं झाल्या आणि ती आत्याबाईंच्या हातात दिली. "एक बाजू आमची, एक बाजू तुमची. सोयरीक झाली न आता? सारं आमीच केलं त तुमच्या घरचं काय राह्यलं त्याच्यात?" आत्याबाई अशा हसल्या की सगळा मांडव हसायला लागला. डबी त्यांनी नेली. हत्ती अजून एका बाजूनं कोराच आहे, असं ती मुलगी माहेरी आली की सांगते.

एकदा मला बाईंचं सगळं कोडं सुटल्यासारखं वाटलं. मी रविवारच्या दुपारी त्यांच्यासमोर बसून ऐटीत सांगितलं, "बाई, तुम्ही मुद्दाम पूर्ण करत नाही. स्वेटर पूर्ण झाला की माणूस तो घेऊन जातो, मग मापाला पुन्हा येत नाही. माणसं येत राहावीत म्हणून तुम्ही कामं लोंबकळत ठेवता."

बाईंनी चष्मा वर केला. "असं काई नाई व. बाह्या विणाचा मले कंटाळा येते. एक झाली का दुसरी अगदी तशीच विणा लागते. एकच गोष्ट दोनदा कायले सांगाची?"

"अन् मले रोज तेच तेच सांगते, ते?" आतून काका म्हणाले.

माझा सिद्धांत तिथंच आटोपला.

मग मला दिवस गेले. नवऱ्याची नोकरी नागपूरला, तो शनिवारी यायचा. बातमी कळल्याबरोबर बाईंनी फिकट पिवळ्या लोकरीचा गुंडा आणला. पण माझी आई कळंबची, तिकडं आमच्या घरात एक नेम फार कडक आहे. मूल हाती येईपर्यंत त्याच्यासाठी घरात काही आणायचं नाही, शिवायचं नाही, विणायचं नाही. झबलं नाही, टोपडं नाही, काही नाही. आई मला भेटायला आली आणि तो पिवळा गुंडा पाहून तिनं बाईंपुढं खरोखरच हात जोडले. "बाई, बाकी तुमचं सारं मान्य. पण लेकरू होईपर्यंत त्याच्या नावाचा एक टाका घालू नका."

बाईंनी शब्द दिला आणि पाळला. जिनं आयुष्यात दिसेल त्याच्यासाठी काहीतरी सुरू केलं, तिनं माझ्या बाळासाठी मात्र काहीच सुरू केलं नाही. मी जिन्यावरून उतरताना पाहायची, बाई तो गुंडा उचलायच्या, गालाला लावायच्या आणि परत टोपलीत ठेवायच्या. त्या महिन्यांत मेडिकलवाल्याच्या सुनेला विनाकारण बऱ्याचदा माप द्यावं लागलं.

मुलगी नोव्हेंबरात झाली, तारखेच्या फार आधी. आई कळंबला, नवरा नागपूरला. बाई आणि काकांनीच मला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. भाकरीच्या उंड्याएवढा तिचा चेहरा होता. पुष्कळ दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, तोवर आई आणि नवराही येऊन राहिले. मग एक दिवस डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, पण जिवापाड जपा. छातीशी धरा, ऊब द्या, थंड पडू देऊ नका. ही थंड पडली तर दूध ओढणार नाही आणि हिच्या अंगावर घटायला काही नाही.

आम्ही तिला वरच्या खोलीत आणलं. त्या वर्षी थंडीनं अगदी कहर केला होता. सगळी दारं-खिडक्या लावून, आळीपाळीनं छातीशी धरून आम्ही बसायचो. पण तिला दूध पाजून, पुसून, कपडे बदलायला खाली ठेवलं की दुपट्यातून ती पाय झाडून बाहेर यायची. एवढीशी मुलगी, पण पाय झाडायचा जोर केवढा. नवरा बाजारात जाऊन सगळ्यात लहान लोकरी कपडे घेऊन आला, तर त्यात ती हरवून जायची. गळ्यातून खांदा बाहेर, खालून वारा आत. एका सकाळी आईनं तिच्या पायांना हात लावला आणि हात तसाच धरून ती रडायला लागली.

"मीच म्हटलं होतं काही करू नका," ती म्हणत होती. "घरात लोकरीचा डोंगर होता अन् मीच नाई म्हटलं."

मी स्वतःच घाबरले होते. बाई तेव्हा चहा घेऊन वर आल्या होत्या. त्यांनी चहा ठेवला, पोरीकडे पाहिलं आणि खाली गेल्या. ट्रंक ओढल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात ती शेवाळी बाही होती, दोन सुयांसकट. मागून गळ्याला नाडा बांधलेले काका.

बाईंनी बाही पोरीच्या शेजारी गादीवर पसरली. रुंद बाजू काखेशी, मनगटाची बाजू पायांकडे. पाय जाऊन वर बोटभर उरत होतं.

"लांबीले बराबर हाय," बाई म्हणाल्या.

आणि थांबल्या. बाजू शिवून तिची पिशवी करायची तर वरच्या तोंडाचे टाके बंद करून सुई काढायला हवी होती. इतक्या वर्षांत त्या घरात सुई काढलेली मी पाहिली नव्हती. बाईंनी काकांकडे पाहिलं. "तुमची बाही जाईन."

"मले कुठं हात हायत?" काका म्हणाले. "कर बंद."

खोलीच्या दारात उन्हाचा एक पट्टा येत होता. बाई तिथं मांडी घालून बसल्या आणि टाके बंद करायला लागल्या. हात सरावलेले नव्हते. एक टाका घट्ट व्हायचा, तो उसवून पुन्हा सैल घ्यायच्या, पोरीच्या छातीवर दाटायला नको म्हणून. मी पोरीला छातीशी धरून समोर बसले होते. जे इतके दिवस कोणाला विचारायची हिंमत झाली नव्हती, ते मी बाईंना विचारलं.

"बाई, ही अशी अर्धीच आलीय. कशी जगायची हो?"

बाईंनी मान वर केली नाही. "अर्धी हाय त काय झालं? माह्या घरात सारं अर्धंच हाय. मेलं काय त्यातलं एकतरी? अर्ध्याले भ्याचं नसते व पोरी. सुईवरून सुटू द्याचं नसते, बस. बाकी होते पुरं."

त्या दिवसांत मला धीर देणारे पुष्कळ होते. पण सगळ्यांचे आवाज आतून घाबरलेले असायचे, आई, नवरा, दवाखान्यातली नर्ससुद्धा. बाई एकट्या घाबरलेल्या नव्हत्या. अपुऱ्या गोष्टींबरोबर राहायची त्यांना आयुष्यभराची सवय होती आणि त्या सवयीच्या आधारानं मी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. आम्ही इतकी वर्षं जिची थट्टा केली ती सवय.

बाही शिवून झाली. मऊ सुती झबल्यावरून पोरीला तिच्यात घातलं. मनगटाचं तोंड पायाखाली बांधायला दोरा हवा होता, तर काकांनी चटकन स्वतःच्या गळ्याच्या नाड्याला हात घातला.

"तो नका काढू!" बाई ओरडल्या. "सारा स्वेटर उसवन!"

तेव्हा आई हसली. रडता रडता हसली. शेवटी लोकरीच्याच तुकड्यानं तोंड बांधलं. मुलीनं आत पाय झाडले, झाडता येतात पण सुटता येत नाही हे तिला कळलं असावं, आणि ती झोपली. दुपारी आईनं बाहीत हात घालून तिचे पाय चाचपले आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. पाय कोमट होते. पुढचा सगळा हिवाळा ती त्या बाहीत होती. संक्रांतीला काखेशी दाटायला लागली, होळीला मावेना. गल्लीत तिला अजून बाहीवाली म्हणतात.

नंतर आम्ही यवतमाळला राहायला गेलो. ती बाही मी मलमलच्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवली होती, दागिन्यांच्या वरच्या कप्प्यात. गेल्या हिवाळ्यात बाईंचा फोन आला. "पोट्टीले घेऊन ये. अन् बाही आण येताना." त्यांना ती पाहावीशी वाटत असेल, असं मला वाटलं.

घर तसंच होतं. "थांबा!" अशी आरोळी आली, सुया उचलल्या गेल्या, मग आम्ही बसलो. मोर लांडाच होता. मुलगी आता दुसरीत होती, पुढचे दात पडलेले, उंच झालेली. तिला पाहून बाई म्हणाल्या, "पाठ कर." फिकट पिवळ्या लोकरीची एक पाठ तिच्या पाठीला लागली. तो गुंडा मूल हाती आल्यावर लगेच सुरू झाला होता आणि अजून चालूच आहे.

काका थकलेले दिसले. खुर्चीत शाल घेऊन बसले होते, आत तोच नाड्याचा स्वेटर. त्यांना हल्ली थंडी सहन होत नाही, असं बाईंनी मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. तेवढं सांगताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि सांगून झाल्यावरही सोडलं नाही. या बाईंना घाबरलेलं मी प्रथमच पाहिलं. मग बाहेर येऊन नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बाही काढ. ह्याइचा स्वेटर कराचा हाय."

त्यांनी बाजूची शिवण उसवली. मग वरच्या काठाचं एक टोक शोधलं आणि माझ्या मुलीच्या चिमटीत दिलं. "हे ओढ. हळूहळू."

"बाई!" मी जवळजवळ किंचाळले. "तुमच्या घरातली ती एकच तर पूर्ण झालेली वस्तू आहे."

"म्हणून त खटकते मले," बाई म्हणाल्या.

मुलीनं ओढलं. बंद केलेला काठ एकेक टाका करत उघडत गेला आणि सुटलेला प्रत्येक टाका बाई सायकलच्या तारेवर झेलत गेल्या. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही. मुलीची जीभ एकाग्रतेनं दाताच्या खिंडीतून बाहेर आली होती. शेवटचा टाका तारेवर चढला. बाही पुन्हा होती तशी झाली, सुईवरची.

"हात पुढं करा," बाई काकांना म्हणाल्या.

काकांनी शालीतून हात काढला. सुकलेला, बारीक हात. बाईंनी त्यावर बाही पसरली, मनगटापासून दंडापर्यंत, आणि हातानं सारखी केली.

"आजी, हे पूर्ण कधी होणार?" मुलीनं विचारलं.

काकांनीच उत्तर दिलं. "होऊ दे सावकाश. मी काई कुठं जाऊन नाई राह्यलो."

"हात हलवू नका," बाई म्हणाल्या आणि विणायला लागल्या.